शस्त्रक्रियेआधीचे दुखणे आणि घरातले शोधयंत्र

शोधयंत्राला विचारलेला प्रश्न एकटा जात नाही. त्याच्यासोबत विचारणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता जातो, ब्राउझरची ओळख जाते, आधीच्या भेटीत ठेवलेली कुकी जाते, आणि खाते उघडे असेल तर नावही जाते. उत्तरांतल्या कोणत्या दुव्यावर बोट पडले, हेही नोंदले जाते. गूगलच्या जाहीर धोरणानुसार सर्व्हरवरच्या जाहिरातविषयक नोंदींतून आयपी पत्त्याचा काही भाग ९ महिन्यांनी आणि कुकीची माहिती १८ महिन्यांनी पुसली जाते. म्हणजे तोपर्यंत ती असते.

रेल्वेचे वेळापत्रक विचारणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. आजारपणाचे प्रश्न वेगळे असतात. गुडघ्याचा सांधा बदलायची तारीख मिळालेली व्यक्ती रात्री दुखण्याने जागी होते आणि फोनवर विचारत राहते: गोळीचा दुसरा डोस किती वेळाने घ्यावा, भूल उतरताना काय होते, शस्त्रक्रिया फसते का, माणूस दगावतो का. घरच्यांनाही सांगितलेली नसते अशी भीती या प्रश्नांत असते. ती ओळखू येण्यासाठी नावाची गरज नसते, हे २००६ साली दिसून आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी साडेसहा लाखांच्या आसपास वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावे काढून त्या जागी क्रमांक घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकाचे शोध ओळीने वाचले आणि जॉर्जिया राज्यातल्या एका वृद्धेच्या दारापर्यंत ते पोहोचले. तिच्या शोधांत गावाचा, आडनावांचा उल्लेख होता आणि बधिर पडणाऱ्या बोटांची चौकशीही होती. कंपनीने यादी मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल की आजारी माणसाने इंटरनेटवर शोधूच नये. हा सल्ला सोपा आहे, पण अन्यायकारक आहे. नेमकी माहिती मिळाली की दुखणे सोसणे हलके होते, याला जुना आणि चांगला पुरावा आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने नीट बसून सांगितले की नंतर कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस दुखेल, ते दुखणे का स्वाभाविक आहे आणि स्नायू सैल सोडून कुशीवर कसे वळायचे. दुसऱ्या गटाला हे सांगितले नाही. कोणता रुग्ण कोणत्या गटातला, हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हते. माहिती मिळालेल्या गटाला नंतर अफूजन्य वेदनाशामके जवळजवळ निम्मीच लागली आणि ते रुग्ण सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. हा अभ्यास १९६४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. पुढच्या काळातले निष्कर्ष इतके ठसठशीत नाहीत. खुबा आणि गुडघा बदलण्यापूर्वीच्या रुग्णशिक्षणावर कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये १८ चाचण्यांचा आढावा घेतला. नेहमीच्या देखभालीपेक्षा वेगळे शिक्षण देऊन मोठा जादा फायदा होतो, असे त्यात दिसले नाही. मात्र चिंताग्रस्त रुग्णांना त्याचा उपयोग होऊ शकतो, असे नमूद केले गेले. रात्री अडीच वाजता फोन हातात घेणारा रुग्ण बहुधा याच गटातला असतो.

माहितीने भीती वाढते, हेही तितकेच खरे आहे. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ मध्ये लोकांचे वैद्यकीय शोध तपासले. साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध गंभीर, दुर्मीळ आजाराकडे कसा घसरतो, ते त्यांनी दाखवले. डोकेदुखीबद्दल विचारले की येणाऱ्या उत्तरांत कॉफी सुटल्याने होणारा त्रास आणि मेंदूतली गाठ ही दोन कारणे जवळपास सारख्याच प्रमाणात येत होती. प्रत्यक्षात मेंदूतली गाठ अत्यंत विरळा असते. उत्तरांची यादी कोण लावतो आणि कशाच्या आधारे लावतो, यावर रुग्णाची रात्र शांत जाईल की वाईट, हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणूनच यादी लावण्याचे काम आपल्या हाती घेण्याचा मार्ग सामान्य माणसाला माहीत असायला हवा.

हा मार्ग म्हणजे मेटासर्च. गूगल किंवा बिंग यांच्यासारखी शोधयंत्रे स्वतः अब्जावधी पाने वाचून त्यांची सूची बनवतात, आणि ते काम घरात होणारे नाही. मेटासर्च इंजिन सूची बनवत नाही. ते प्रश्न घेते, तो अनेक शोधयंत्रांकडे एकाच वेळी पाठवते, आलेली उत्तरे गोळा करते, दुबार आलेली काढते आणि एकच यादी पुढे ठेवते. कल्पना जुनी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले मेटाक्रॉलर १९९५ सालचे. घरच्या यंत्रावर चालवता येईल असे सर्क्स नावाचे मुक्त सॉफ्टवेअर अ‍ॅडम टाऊबर याने २०१४ मध्ये खुले केले. २०२१ मध्ये त्याची सर्क्सएनजी ही शाखा फुटली आणि आता काम तिच्यावरच चालते. ते पायथन भाषेत लिहिलेले आहे, फुकट आहे, त्याचा मूळ कोड कोणीही वाचू शकतो, आणि दोनशेहून अधिक स्रोतांशी बोलणे त्याला ठाऊक आहे.

त्याचा क्रम लावण्याचा हिशेब कागदावर करता येईल इतका सरळ आहे. एखादे पान एका शोधयंत्रात जितक्या वरच्या जागी असेल तितके त्याला गुण जास्त: पहिल्या जागेला एक, दुसऱ्या जागेला अर्धा, तिसऱ्या जागेला एक तृतीयांश. या गुणांची बेरीज करून तिला ते पान किती शोधयंत्रांत आले त्या संख्येने गुणतात. एकाच शोधयंत्रात पहिले आलेले पान एक गुण मिळवते. तीन शोधयंत्रांत तिसरे आलेले पान मात्र तीन गुण मिळवून त्याच्या वर जाते. पैसे मोजून एका ठिकाणी वर चढलेले पान इथे आपोआप खाली सरकते. एखाद्या स्रोतावर जास्त विश्वास असेल तर त्याचे वजन वाढवण्याची सोय आहे.

ते चालवण्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक एका कुटुंबाला पुरतो. पाच वॅट वीज घेणारे यंत्र महिनाभर अखंड चालले तर साधारण ३.६ युनिट खर्च होतात. जुन्या लॅपटॉपला त्याच्या तिप्पट-चौपट लागतील. यंत्रावर लिनक्स असावे आणि त्यावर डॉकर बसवावे. डॉकरमुळे सर्क्सएनजी आणि त्याला लागणारे सगळे सुटे भाग एका बंद पेटीत येतात, आणि बिघाड झाला तर ती पेटी टाकून नवी आणता येते. त्यानंतर एक सेटिंग्जची फाईल उरते. तिच्यातली गुप्त किल्ली बदलावी लागते. चित्रे घरच्या सर्व्हरमार्फतच यावीत, हा पर्याय चालू करावा. टाइप करताना पुढचे शब्द सुचवण्याची सोय बंदच ठेवावी, कारण ती चालू असली की टाइप होत असलेला अर्धवट मजकूरही बाहेरच्या कंपनीकडे जातो. प्रश्न पत्त्याच्या ओळीत दिसू नये म्हणून पोस्ट पद्धत निवडावी. मग तो ब्राउझरच्या इतिहासातही साठत नाही. शेवटी घरातल्या फोनच्या ब्राउझरमध्ये हेच नेहमीचे शोधयंत्र म्हणून नेमायचे. लिनक्सची थोडी ओळख असलेल्याचे हे एका संध्याकाळचे काम आहे. ओळख नसलेल्याने घरातल्या किंवा ओळखीतल्या जाणत्या मुलामुलीला बोलवावे.

रुग्णालयातल्या खाटेवरून घरचे यंत्र गाठायचे असेल तर एक अडचण येते. भारतातल्या अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून घराच्या राउटरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. वायरगार्डवर आधारलेल्या टेलस्केलसारख्या खासगी जाळ्याने ही अडचण सुटते. त्याचा आणखी फायदा असा की यंत्र सगळ्या जगासाठी उघडे राहत नाही. उघडे राहिले तर स्वयंचलित प्रोग्रॅम त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्यांच्या प्रश्नांचा भडिमार पाहून मोठी शोधयंत्रे घरचाच पत्ता अडवतात.

अडवणूक एरवीही होते. शोधयंत्रांना अशी परस्पर विचारणा आवडत नाही. ती मध्येच चित्रकोडी पुढे करतात किंवा उत्तरच देत नाहीत. मायक्रोसॉफ्टने बिंगची विकासकांसाठीची सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा अधिकृतपणे विचारण्याचा एक मोठा मार्गही मिटला. सर्क्सएनजी न बोलणाऱ्या स्रोताला काही काळ बाजूला ठेवते आणि बाकीच्यांवर भागवते. एखाद्या कंपनीने आपल्या पानाची मांडणी बदलली की तो स्रोत बंद पडतो आणि दुरुस्ती येईपर्यंत थांबावे लागते. आठवड्यातून एकदा नवी आवृत्ती उतरवून घेण्याची सवय हवी.

यातून मिळणाऱ्या गोपनीयतेची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी, कारण याबाबत उत्साही मंडळी फार मोठी आश्वासने देतात. घरच्या यंत्रावरून गेलेल्या प्रश्नासोबत कुकी जात नाही, खाते जात नाही, फोनची ओळख जात नाही आणि क्लिकची नोंद होत नाही. आयपी पत्ता मात्र त्याच घराचा असतो. भाड्याच्या सर्व्हरवर एकट्यासाठी चालवले तर तो सर्व्हरच त्या एकट्याची ओळख ठरतो. कुटुंबातल्या सात-आठ जणांनी एकच यंत्र वापरले तर कोणता प्रश्न कोणाचा, हे बाहेरच्याला कळणे अवघड होते. उत्तरातला दुवा उघडला की पुढची भेट थेट त्या संकेतस्थळाशी असते, आणि तिथे घरचे शोधयंत्र मध्ये येत नाही. एक मोठी, सलग, नावानिशी वही तयार होऊ न देणे एवढे हे साधन करते. दुखणाईतासाठी तेवढेही पुष्कळ आहे.

त्याहून मोठा लाभ यादी आपल्या गरजेप्रमाणे लावण्यात आहे. सेटिंग्जच्या फाईलमध्ये संकेतस्थळांच्या नावांचे नियम लिहिता येतात: कोणते वर आणायचे, कोणते खाली ढकलायचे, कोणते दाखवायचेच नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची रुग्णांसाठीची पाने, कॉक्रेनचे सोप्या भाषेतले सारांश, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची पाने वर आणावीत. चमत्कारिक तेले आणि पट्टे विकणारी दुकाने यादीतून काढून टाकावीत. पबमेड हा साडेतीन कोटींहून अधिक शोधनिबंधांच्या नोंदींचा साठा त्याच ग्रंथालयाचा. त्याचा स्रोत वेगळा चालू करता येतो. निबंध समजायला जड असले तरी आढावा निबंधाचा शेवटचा परिच्छेद बहुधा वाचता येतो, आणि त्यातला एखादा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवता येतो.

मराठीत शोधताना थोडी जास्त काळजी घ्यावी लागते. प्रश्नाआधी भाषेची खूण लिहिली की स्रोतांकडे मराठीतली उत्तरे मागितली जातात. विकिपीडियाची मराठी आवृत्ती आणि मराठी विश्वकोश यांत सांध्यांच्या रचनेची, भूलशास्त्राची मूलभूत माहिती मिळते. पण गुडघा हा शब्द वाक्यात गुडघ्याचा, गुडघ्याला, गुडघ्यातील अशी रूपे घेतो, आणि सगळीच शोधयंत्रे ही रूपे एकत्र धरतात असे नाही. एका रूपाने काही हाती लागले नाही तर दुसरे वापरून पाहावे. 'दुखऱ्या'मधला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवलेला असू शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, तरी एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यावर सापडेलच याची खात्री नसते. शस्त्रक्रियेआधीच्या औषधांची तपशीलवार माहिती अजून इंग्रजीतच जास्त आहे, ही मराठी वैद्यकीय लेखनातली खरीखुरी उणीव आहे.

नीट लावलेल्या यादीतून गुडघ्याच्या रुग्णाच्या हाती काय लागते, ते पाहण्यासारखे आहे. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, तर विरुद्ध हातात धरायची. हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तितकी तिची उंची असावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की अंगावरचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. म्हणजे थोडे वजन उतरले तरी शस्त्रक्रियेची वाट पाहण्याचे दिवस सुसह्य होतात.

दुखतो म्हणून पाय हलवायचाच नाही, ही समजूत घरोघरी आहे आणि तिने नुकसान होते. मांडीचा पुढचा स्नायू सांध्याला धरून ठेवतो. तो वापरात नसला की झपाट्याने रोडावतो आणि नंतर उभे राहणे जड जाते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे हे व्यायाम पलंगाजवळ होतात. सुरुवातीला त्यांनी दुखणे थोडे वाढू शकते आणि नियमित केल्यावर उतरते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना हे रुग्णाला आधीच सांगायला बजावतात; न सांगितल्यास तो व्यायाम सोडून देऊ शकतो.

त्याच सूचना गुडघ्यासाठी आधी लावायच्या वेदनाशामक जेलकडे बोट दाखवतात आणि पॅरासिटॅमॉल किंवा सौम्य अफूजन्य गोळ्या सरसकट द्यायला नको म्हणतात. भारतात एका गोळीत दोन औषधे एकत्र असण्याची पद्धत आहे. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत पॅरासिटॅमॉल दोनदा पोटात जाते. निरोगी यकृताच्या प्रौढासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षर वाचलेच पाहिजे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या गोळ्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रास देऊ शकतात. ट्रॅमाडॉलसारखे औषध महिनोन्‌महिने चालू राहिले तर शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आटोक्यात आणणे कठीण होते. ते चालू असल्याचे भूलतज्ज्ञाला सांगायचे, आपल्या मनाने एकदम बंद करायचे नाही. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन तीन महिने झाले नसतील तर सांधा बदलताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून 'तात्पुरते बरे वाटेल' म्हणून इंजेक्शन सुचवले गेले तर शस्त्रक्रियेची तारीख आधी सांगावी. रक्त पातळ करणारी औषधे, लसूण किंवा जिन्सेंगच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक चूर्णे आणि काढे हे सारे एका कागदावर लिहून न्यावे. काय थांबवायचे आणि कधी, हे डॉक्टरच ठरवतील; रक्त पातळ करणारे औषध परस्पर थांबवणे जिवावर बेतू शकते.

काही लक्षणांच्या वेळी शोधयंत्र उघडण्यात वेळ घालवायचा नसतो. सांधा अचानक लाल आणि गरम होऊन ताप येणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, पडल्यानंतर पायावर भारच न देता येणे, वेदनाशामक चालू असताना डांबरासारखी काळी शौचास होणे: यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न खाण्यापिण्याचा असतो. भूलतज्ज्ञांच्या संघटनांचा सर्वसाधारण नियम असा की हलके अन्न सहा तास आधी बंद, तळकट जेवण त्याहून आधी, आणि पाण्यासारखे पारदर्शक पेय दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पारदर्शक पेयांत मोडत नाही. त्यालाही सहा तासांचाच नियम लागतो. मधुमेह असेल किंवा पोट रिकामे व्हायला उशीर लागत असेल तर वेळा बदलतात, आणि रुग्णालयाने दिलेल्या कागदावर वेगळी वेळ लिहिली असेल तर तीच पाळायची असते.